कोकणातल्या घरासाठी कमोड कसा निवडायचा आणि टाकीतलं सामान चालू कसं ठेवायचं

गावी घर बांधताय, किंवा परसातला जुना संडास पाडून घरातच कमोड बसवायचा विचार चाललाय, तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कमोडचं पांढरं भांडं नीट बसवलं तर वीस-तीस वर्षं त्याला काही होत नाही. बिघडतं ते बाकीचं सामान, म्हणजे टाकीत पाणी भरणारा व्हॉल्व्ह, पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, त्याचा रबरी वायसर, वरचं बटण, सीट कव्हरचे हिंज आणि भिंतीवरचा अँगल कॉक, म्हणजे कमोडकडे जाणारं पाणी बंद-चालू करणारा छोटा नळ. आणि आपल्याकडे हे सगळं जरा लवकरच बिघडतं कारण हवा खारी, विहिरीचं पाणी जांभ्यातून आलेलं त्यामुळे लोखंडाचा अंश असलेलं, आणि कितीतरी घरं गणपती, शिमगा, मे महिना सोडला तर बंदच. म्हणून कमोड घेताना पहिला प्रश्न रंगाचा किंवा डिझाइनचा नाही, पहिला प्रश्न हा की याचा वायसर गेला तर तो मला चिपळुणात, कणकवलीत, अलिबागला, जे काय तुमचं जवळचं बाजारपेठेचं गाव असेल तिथे मिळणार का. उत्तर नाही असेल तर तो कमोड कितीही सुंदर असला तरी तुमच्या घरासाठी नाही.

दुकानात जायच्या आधी घरी काय बघायचं

पाण्याची टाकी किती उंच आहे ते बघा. बऱ्याच घरांत स्लॅबवर किंवा चिऱ्याच्या चौथऱ्यावर ५०० नाहीतर १००० लिटरची टाकी असते आणि ती कमोडपासून जेमतेम १० फूट वर असते. १० फूट उंचीला प्रेशर येतं साधारण ०.३ बार, म्हणजे फारच कमी. एवढ्या प्रेशरवर भिंतीतला फ्लश व्हॉल्व्ह, तो दाबला की जोरात पाणी येणारा, तो धड चालत नाही, त्याला उंच टाकी आणि जाड पाइप लागतो. त्यापेक्षा मागे फ्लश टाकी असलेला कमोड घ्यायचा, त्यात पाणी हळूहळू का होईना भरतं आणि फ्लश करताना टाकीतलं पाणी स्वतःच्या वजनाने खाली येतं, नळाच्या प्रेशरशी त्याचा संबंध राहत नाही. दुकानदाराला वरच्या टाकीची उंची सांगून कमी प्रेशरवर चालणारा इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे फ्लश टाकीत पाणी भरणारा, तो मागा, काही व्हॉल्व्हना ०.५ बार तरी लागतो आणि तेवढं आपल्याकडे नसतं.

मग आउटलेट. भांड्यातून मैला खालच्या लादीत जाणार असेल तर एस ट्रॅप आणि मागच्या भिंतीतून बाहेर जाणार असेल तर पी ट्रॅप. जोत्यावरचं बैठं घर असेल तर माझं मत पी ट्रॅपच्या बाजूने आहे, कारण पाइप भिंतीतून सरळ बाहेर पडतो, लादीखाली काही पुरावं लागत नाही आणि पुढेमागे गळती झाली तर बाहेरून दिसते. एस ट्रॅप घेतलात तर टाइल लावलेल्या भिंतीपासून लादीतल्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. बाजारात साधारण ४, ९ आणि १२ इंचाचे कमोड मिळतात. भिंतीला अजून प्लास्टर नि टाइल लागायची असेल तर मापातून दीड इंच तरी वजा करा, आणि हे माप गवंड्याच्या भरवशावर सोडू नका, स्वतः मोजून कागदावर लिहून खिशात ठेवा. चुकीच्या मापाचा कमोड आणला की मग लादी फोडायची नाहीतर भिंत आणि कमोड यांच्यात हातभर फट ठेवायची अशी वेळ येते.

आणि मैला जाणार कुठे? सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा विहिरीच्या उताराच्या खालच्या अंगाला आणि विहिरीपासून निदान ५० फूट लांब पाहिजे, जांभ्याला भेगा असतात त्यामुळे जागा असेल तर अजून लांब. आपली आणि शेजाऱ्याची, दोन्ही विहिरी मोजायच्या. कमोडपासून टाकीपर्यंत ११० मिलिमीटरचा पाइप आणि त्याला दर १० फुटाला ३ इंच उतार. टाकी अशा जागी घ्या की मैला उपसणाऱ्या गाडीचा पाइप तिथवर पोचेल, वाडीतल्या पाणंदीतून गाडी आत येत नाही हे टाकी भरल्यावर लक्षात येऊन उपयोग नसतो. न्हाणीचं आणि मोरीचं पाणी या टाकीत सोडूच नका, ते जसं पूर्वीपासून माडाला, केळीला जातं तसंच जाऊ दे, साबणाच्या पाण्याने टाकी उगाच लवकर भरते आणि शोषखड्ड्यावर ताण येतो.

आता दुकान

वन पीस, टू पीस, वॉल हंग असे तीन प्रकार तुम्हाला दाखवतील. वॉल हंग दिसायला छान, खालची लादी पुसायला सोपी, पण त्याची टाकी भिंतीच्या आत लोखंडी फ्रेमवर असते आणि दुरुस्तीला हात घालायला फक्त बटणाच्या पट्टीएवढी खिडकी मिळते. कोकणात, तेही तालुक्यापासून लांब घर असेल तर मी तो सुचवणार नाही. वन पीस म्हणजे भांडं आणि टाकी एकसंध, त्याचं आतलं सामान बहुतेक वेळा त्या त्या कंपनीचं, त्या मॉडेलचंच लागतं. राहिला टू पीस, म्हणजे भांडं वेगळं आणि टाकी वेगळी, किंवा साधं भांडं आणि भिंतीला लटकवलेली प्लॅस्टिकची टाकी. नव्या माणसाने हाच घ्यावा. टाकी फुटली तर फक्त टाकी बदलता येते, आतले व्हॉल्व्ह कुठल्याही मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात आणि आपल्याकडचा कुठलाही प्लंबर ते ओळखतो. दिसायला थोडा जुन्या वळणाचा वाटेल, वाटू दे.

हिंदवेअर, पॅरीवेअर, सेरा, जॅक्वार ही नावं सगळीकडे दिसतात, शिवाय गुजरातच्या मोरबी-थानगढकडचा स्वस्त माल पण भरपूर येतो, त्यात चांगलंही असतं आणि वाईटही. नाव कुठलंही असो, भांड्यावर आयएसआय मार्क आणि आयएस २५५६ हा नंबर बघा, प्लॅस्टिकच्या टाकीसाठी आयएस ७२३१. मग खोक्यातून बाहेर काढायला लावा, दुकानदार कुरकुर करेल तरी. बोटाच्या पेराने टकटक करा, चांगल्या भाजलेल्या भांड्याचा आवाज खणखणीत येतो, बारीक तडा असेल तर तो बद्द येतो. सपाट लादीवर ठेवून हलवून बघा, डुगडुगलं तर तळ वाकडा आहे, दुसरं काढायला सांगा. आउटलेटच्या भोकात बोट घालून आतून चाचपा, आतही चकाकी म्हणजे ग्लेझ गुळगुळीत लागलं पाहिजे, खरखरीत लागलं तर तिथे घाण अडकून राहणार.

भांड्याच्या आत पाणी किती साचतं तेही विचारा. वॉश डाउन प्रकारात तळाशी थोडंसं पाणी राहतं आणि वरून आलेलं पाणी मैला ढकलून नेतं, सायफनिक प्रकारात पाण्याचा पसारा मोठा दिसतो नि तो मैला पाण्यासकट खाली ओढून घेतो. मे महिन्यात विहीर तळाला गेली किंवा पावसात वीज दोन दोन दिवस नसली की बादलीनेच काम भागवायचं असतं आणि तिथे वॉश डाउन बरा पडतो. फ्लश ३ आणि ६ लिटरचा, दोन बटणांचा घ्या, जुन्या टाक्या एका वेळेला १० लिटरच्या वर पाणी सोडायच्या ते आता परवडणारं नाही. पाणी लाल असेल तर कड नसलेला, रिमलेस म्हणतात तो बघा, कारण गंजाचा थर नेमका त्या कडेच्या खाली बसतो जिथे ब्रश पोचत नाही. सीट कव्हर साध्या लंबगोल आकाराचं असू दे, चौकोनी किंवा डी आकाराचं तुटलं तर तेच मॉडेल शोधत बसावं लागतं. हिंजचे स्क्रू लोखंडी नकोत, समुद्रापासून दोन-चार किलोमीटरवर घर असेल तर स्टीलसुद्धा ३१६ ग्रेडचं मिळालं तरच, नाहीतर सरळ चांगल्या प्लॅस्टिकचे. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाच दुकानात बसवून बघा, गुडघ्याला कुठली उंची सोसते ते त्यांनाच कळतं.

आणि निघताना त्याच दुकानातून एक जास्तीचा फ्लश वायसर, एक इनलेट व्हॉल्व्ह आणि एक अँगल कॉक घेऊन ठेवा. बिलावर मॉडेलचं नाव लिहून घ्या आणि बिलाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा, पुढे सामान मागवताना तोच फोटो दाखवायचा.

बसवायच्या दिवशी समोर उभे राहा

आपल्याकडे गवंड्यांची सवय आहे की कमोडच्या खाली आणि आउटलेटभोवती सिमेंट ठासून भरायचं. हे करू देऊ नका. सिमेंट आवळतं-फुगतं आणि तळाला तडा जातो, शिवाय कधी कमोड काढायची वेळ आली तर तो फुटूनच निघतो. आउटलेटला रबरी रिंगचा पॅन कनेक्टर, म्हणजे भांडं आणि पाइप जोडणारा तुकडा, लादीत गुट्टी ठोकून स्टीलचे किंवा पितळी स्क्रू, आणि तळाच्या कडेने सिलिकॉन, मागच्या बाजूला दोन इंच जागा मोकळी सोडून, म्हणजे आत गळत असेल तर पाणी तिथून बाहेर येऊन तुम्हाला सांगेल. टाकी आणि भांडं जोडणारे बोल्ट दोन्हीकडे थोडे थोडे आळीपाळीने आवळायचे, पाना लावून ताकद काढली की चिनी माती तडकते. अँगल कॉक प्रत्येक पाइपला वेगळा पाहिजे, टाकीला एक आणि धुवायच्या जेटला एक, एकाच कॉकवर दोन्ही भागवतात ते नंतर त्रासाचं होतं.

बसवून झाल्यावर प्लंबरला जाऊ देण्याआधी टाकी भरा, फ्लश करा, परत भरा, परत करा, आणि सगळ्या जोडांवरून कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

टाकीच्या आत काय काय असतं

झाकण उचलायला घाबरू नका, टाकीतलं पाणी स्वच्छ असतं, विहिरीतून आलेलंच ते. झाकण मात्र सपाट जागी खाली ठेवा, उभं करून ठेवलं की घसरून फुटतं आणि नुसतं झाकण मिळत नाही. एका बाजूला उभा इनलेट व्हॉल्व्ह दिसेल, त्याला तरंगणारा फ्लोट असतो, पाणी चढलं की फ्लोट वर येतो आणि पाणी बंद होतं. मधोमध फ्लश व्हॉल्व्ह, त्याच्या तळाला रबरी किंवा सिलिकॉनचा गोल वायसर, आणि त्यातूनच वर आलेली पोकळ नळी म्हणजे ओव्हरफ्लो, पाणी जास्त झालं तर ते बाहेर न सांडता त्यातून भांड्यात जातं. एवढंच. या दोन व्हॉल्व्हची ओळख झाली की बहुतेक दुरुस्त्या प्लंबरशिवाय होतात, आणि गावात प्लंबर सांगितल्या दिवशी येईल याची खात्री नसते त्यामुळे ही ओळख करून घ्याच.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे भांड्यात पाण्याची बारीक धार चालूच राहते. आधी बघा पाणी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडातून आत जातंय का. जात असेल तर दोष इनलेटचा, फ्लोटचा स्क्रू किंवा क्लिप खाली घेऊन पाण्याची पातळी नळीच्या तोंडापासून एक इंच खाली आणा, तरीही पाणी थांबलं नाही तर व्हॉल्व्हमध्ये कचरा आहे किंवा त्याचा आतला वायसर गेलाय. पाणी नळीच्या खाली असूनही धार चालू असेल तर दोष फ्लश व्हॉल्व्हच्या वायसरचा. इतकी बारीक गळती असेल की डोळ्यांना दिसत नाही तर टाकीत कपड्याची थोडी नीळ टाका आणि अर्धा तास कोणी फ्लश करू नका, भांड्यातलं पाणी निळं झालं की समजा गळतंय. ही परीक्षा दर तीन-चार महिन्यांनी करावीच, कारण अशी गळती रात्रभरात वरची टाकी रिकामी करते आणि सकाळी पंप लावायला वीज नसते.

वायसर बदलायचा तर अँगल कॉक बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा, फ्लश व्हॉल्व्ह हाताने उलट्या दिशेने पाव फेरा फिरवला की बऱ्याच मॉडेलमध्ये वर निघून येतो. वायसर काढून बघा. नुसता लाल चिकट थर असेल तर लिंबाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून मऊ फडक्याने पुसा आणि उलटा करून बसवा, कितीतरी वेळा एवढ्यानेच गळती थांबते. चिरला असेल, कडक झाला असेल तर जुना वायसर पिशवीत घालून दुकानात न्या, फोनवर वर्णन करून बरोबर माप मिळत नाही. ज्या कडेवर तो बसतो ती प्लॅस्टिकची कडही बोट फिरवून साफ करा, रेतीचा एक कण राहिला तरी नवा वायसर गळेल.

दुसरी तक्रार, टाकी भरायला फार वेळ लागतो. प्रेशर अचानक कमी झालं नसेल तर इनलेटच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी तुंबलेली असते. अँगल कॉक बंद, कनेक्शन पाइप सोडवा, जाळी चिमट्याने काढून जुन्या टूथब्रशने धुवा. पहिल्या पावसानंतर विहिरीचं पाणी गढूळ येतं तेव्हा ही जाळी हमखास भरते, म्हणून मिरगाचा पाऊस होऊन गेला की एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा ती साफ करायची सवय लावा. जाळीच काढून टाकणारे महाभाग आहेत, तसं केलं तर रेती थेट व्हॉल्व्हमध्ये जाते आणि महिन्याभरात व्हॉल्व्हच बदलावा लागतो.

बटण अडकत असेल तर ते उलटं फिरवून बाहेर काढा, कोमट पाण्यात धुवा, खारी हवा आणि साबणाचा मेण यांचा थर जमलेला असतो. तेल-ग्रीस लावू नका, ते रबर खातं.

अँगल कॉक महिन्यातून एकदा पूर्ण बंद करून परत उघडायचा. वर्षानुवर्षं उघडाच राहिला की आत क्षार धरतात आणि ज्या दिवशी पाइप फुटतो त्याच दिवशी कॉक फिरत नाही. आणि जेटचा कॉक रोज वापर झाला की बंद करायचाच, घरातल्या सगळ्यांना, पाहुण्यांनासुद्धा सांगायचं, कारण चोवीस तास प्रेशरखाली राहिलेला पाइप रात्री फुटला तर वरच्या टाकीतलं सगळं पाणी लादीवर येतं. स्टीलच्या जाळीचा पाइप खाऱ्या हवेत आणि ॲसिडच्या वाफेत लवकर गंजतो, आपल्याकडे साधा जाड पीव्हीसीचा जास्त टिकतो असं मला वाटतं.

लाल डाग

जांभ्याच्या भागात हा प्रश्न घरोघरी आहे. पाण्यात विरघळलेलं लोखंड हवेला लागलं की गंज होऊन भांड्याला चिकटतं. त्यावर ब्लीचिंग पावडर टाकली तर डाग जात नाही, उलट लोखंड अजून पक्कं बसतं. लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, दोन-तीन चमचे गरम पाण्यात विरघळवून रात्री भांड्यात ओता, डागावर कागदाचे तुकडे भिजवून चिकटवा, सकाळी कागद काढून केरात टाका आणि ब्रशने घासा. जुना डाग असेल तर दोन-तीन रात्री करावं लागतं. बाजारातलं जळजळीत ॲसिड वापरलं की नळाचा क्रोम जातो आणि जास्त गेलं तर सेप्टिक टाकीतले मैला कुजवणारे जिवाणू मरतात. लोखंडी काथ्या, वाळू, विटकर यांनी घासू नका, चकाकी गेली की डाग दुप्पट वेगाने बसतो. आणि हे मी हात जोडून सांगतो, ब्लीच आणि ॲसिड एकत्र कधीही, कधीही टाकू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि दार लावलेल्या छोट्या संडासात तो जीवघेणा आहे. टाकीत ठेवायच्या निळ्या वड्यासुद्धा नकोत, त्यातल्या काहींत क्लोरीन असतं आणि ते वायसर खाऊन टाकतं.

घर बंद करून मुंबईला निघताना

भांड्याच्या वाकड्या नळीत जे थोडं पाणी साचून राहतं तेच वास आणि झुरळं अडवतं. घर दोन-तीन महिने बंद राहिलं, त्यात उन्हाळा असला की ते पाणी सुकतं आणि मग दार उघडल्यावर वास येतो. म्हणून निघताना अँगल कॉक बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा, भांड्यात एक तांब्या स्वच्छ पाणी ओता आणि त्यावर दोन-तीन चमचे गोडंतेल सोडा, तेलाच्या थरामुळे पाणी उडायला वेळ लागतो. न्हाणीच्या जाळीतही तसंच करा. किल्ली शेजारी असेल तर काकूंना सांगून ठेवा की महिन्यातून एकदा दोन तांबे पाणी ओता, तेलापेक्षा हा उपाय चांगला.

परत आल्यावर घाईने अँगल कॉक उघडू नका. आधी मोरीचा नळ सोडून पाइपमध्ये साचलेलं लाल पाणी जाऊ द्या, पाणी स्वच्छ आलं की मगच टाकीचा कॉक उघडा. पहिल्या दिवशी थोडं गळलं तर वायसर पुसून परत बसवा. सेप्टिक टाकीच्या वरच्या हवेच्या पाइपला नायलॉनची जाळी बांधलेली आहे ना तेही बघा, नसेल तर त्यातून डास बाहेर येतात आणि पावसात बेडूक आत जातात.

तुंबलं तर

फ्लश केल्यावर पाणी चढून हळूहळू उतरत असेल तर आधी बाहेरचा चेंबर उघडा. चेंबर कोरडा असेल तर बोळा भांड्यात किंवा जवळच्या पाइपात आहे, रबरी पंपाने दाबून काढा, कोमट पाणी चालेल, उकळतं नको, त्याने भांडं तडकतं. चेंबर भरलेला असेल तर अडथळा पुढे आहे किंवा सेप्टिक टाकी भरली आहे. सॅनिटरी पॅड, डायपर, ओले टिश्यू, केस यातलं काही भांड्यात जाता कामा नये, होमस्टे चालवत असाल तर प्रत्येक संडासात झाकणाचा डबा ठेवा आणि मराठीत मोठ्या अक्षरात लिहून लावा. भर पावसात शोषखड्ड्याच्या आसपासची जमीनच पाण्याने भरलेली असते, तेव्हा टाकीतलं पाणी जायला जागा नसते, त्या दिवसांत पाणी कमी वापरायचं आणि छपराचं पाणी टाकीकडे येणार नाही असा चर काढायचा.

मैला दोन-तीन वर्षांनी गाडी बोलावून उपसून घ्यावा, आणि तो डिसेंबर ते मे या काळात. पावसाळ्यात टाकी पूर्ण रिकामी केली तर खालून जमिनीचं पाणी तिला वर उचलतं, प्लॅस्टिकची टाकी तर अक्षरशः तरंगून वर येते. गणपतीला घरात वीस-पंचवीस माणसं येणार असतील तर हे काम मे महिन्यातच उरका. माणसाला टाकीत उतरवायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही, वरून कितीही साधं दिसलं तरी आत विषारी वायू असतो आणि एक बेशुद्ध पडला की त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे. गाडीवाला माणूस उतरवायला लागला तर काम तिथेच थांबवा आणि दुसरी गाडी बोलवा.